विषय: मार्च 2026 मध्ये दहा-बारा दिवस आचारी हवा

मंडळी, नमस्कार.
आमच्या खानावळीचा आचारी 28 फेब्रुवारीला गावी निघतोय. 5 मार्चला नेपाळात मतदान आहे. परत यायला दहा-अकरा तारीख उजाडेल. ऐन सीझन आणि त्यात शिगमो. हुमण आणि आमटी बिघडवणार नाही असा कोणी तेवढ्यापुरता उसना मिळेल का? राहायला खोली आहे.
– ताई, मांद्रे

—

ताई,
मत द्यायला एवढ्या लांब? कमाल आहे. पण खरा प्रश्न असा की तिथे येणार कोण? माजी पंतप्रधान ओली परत आले तर चीनचं फावलं. हंगामी पंतप्रधान सुशीला कार्की बऱ्या, बनारसला शिकलेल्या, म्हणजे अर्ध्या आपल्याच. तो बालेन शाह कर्नाटकात इंजिनिअरिंग शिकला खरा, पण काठमांडूचा महापौर असताना 2023 साली त्याने कार्यालयात बृहत् नेपाळचा, म्हणजे आपलेही काही भाग धरून, नकाशा टांगला होता. आता झापा 5 मतदारसंघात थेट ओलींच्या विरोधात उभा आहे. तुझा आचारी काय म्हणतो, बालेन आपल्या बाजूचा की त्यांच्या?
– अण्णा, फोंडा

—

अण्णा,
मी आचारी मागितला होता, परराष्ट्रमंत्री नव्हे! पण तुमचा प्रश्न त्याला विचारला. कांदा चिरत होता. हसला आणि म्हणाला, "दीदी, 2072 सालात मी बुटवलच्या हॉटेलात होतो."

2072 म्हणजे त्यांच्या संवताचं, आपलं 2015. एप्रिलमध्ये भूकंप झाला, सप्टेंबरात नवी राज्यघटना आली, तराईतल्या मधेशी लोकांचं आंदोलन पेटलं आणि भारताच्या सीमेवर ट्रक अडकले. भारताने नाकाबंदी केल्याचं कधीच मान्य केलं नाही, पण तिकडे कोणाला विचारलंत तरी नाकाबंदी हाच शब्द ऐकाल. गॅस मिळेना, मिळाला तर सिलिंडर अर्धाच भरलेला. यांनी हॉटेलच्या मागे विटा मांडून लाकडावर भात शिजवला. मग हॉटेलच बंद पडलं आणि हा गोव्याला आला. म्हणजे माझ्या खानावळीला चांगला हात मिळाला तो त्या राजकारणामुळे. तेव्हा कोणाच्या बाजूचा, हे त्याला विचारायला मला जरा लाजच वाटली.

गेल्या सप्टेंबरचं सांगते. 4 तारखेला तिथल्या सरकारने व्हॉट्सॲप, फेसबुक धरून 26 ॲप बंद केली. आपल्याकडे ती बातमी दोन ओळींत संपली. पण याची बायको-पोर गुल्मीला, आणि रोज रात्रीचा व्हिडिओ कॉल व्हॉट्सॲपवर. भांडी घासून झाली की मागच्या पायरीवर बसून नुसता फोन उघडायचा आणि मिटायचा. 8 तारखेला तिथल्या तरुणांच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्या एका दिवसात 19 पोरं गेली. दुसऱ्या दिवशी ओलींनी राजीनामा दिला, संसद पेटली. आमच्या टीव्हीवर तेव्हा चर्चा कसली? यामागे अमेरिका की चीन! हा ऑर्डरी सोडून टीव्हीसमोर उभा, आणि एकदाही त्याला हवं ते कोणी बोललं नाही.

मत कसं देतात तेही त्याने दाखवलं. ऑर्डरच्या पॅडवरून दोन चिठ्ठ्या फाडल्या. एक उमेदवाराची, एक पक्षाची. 275 पैकी 165 जण थेट निवडून येतात, 110 पक्षाच्या मतांच्या प्रमाणात. शिक्का स्वस्तिकाचा. 2008 नंतर एकाही पंतप्रधानाची पाच वर्षं पुरी झालेली नाहीत, म्हणून मी म्हटलं, अरे मग कशाला जातोस? थिवीला गाडी धरायची, मुंबईला बदलायची, गोरखपूर, सुनौलीची सीमा, बुटवल, पुढे डोंगराची बस. म्हणाला, "तिथेच काम मिळालं तर नाही येणार दीदी."

अण्णा, खरं सांगू? तिथे काही सुधारू नये यातच माझा स्वार्थ आहे. तरी तिकिटाला आगाऊ पैसे दिले.
– ताई

—

ताई, मस्कतहून.
आमची गतही तीच. 2010 च्या कायद्याने आम्हा भारतीय पासपोर्टवाल्यांचं नाव यादीत घालता येतं, पण बूथवर मात्र स्वतः उभं राहायला हवं. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयानेही 2018 साली परदेशातल्या मतदारांची सोय करायला सांगितलं, ती अजून झालेली नाही. बांगलादेशाने यंदा 12 फेब्रुवारीच्या निवडणुकीत बाहेरच्यांना पहिल्यांदाच टपाली मत दिलं. बाजूच्या खोलीतला गवंडी पाकीट टाकून आला आणि सगळ्यांना चहा पाजला. 2022 ला गोव्याच्या निवडणुकीत मी काय केलं? रजा शिल्लक असूनही इथून व्हॉट्सॲपवर भांडलो. आचाऱ्याला हे सांगू नका.
– भाऊ

—

ताई,
कालपासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. 16 जानेवारी 1967, आपला जनमत कौल: गोवा महाराष्ट्रात घालायचा की वेगळा ठेवायचा. मी शाळेत होतो. विलीनीकरणाची खूण फूल. बाबा फुलवाले, आमच्या फोंड्यात बहुतेक फुलवालेच. बाजूच्या घरी दोन पाने, म्हणजे वेगळ्या गोव्याची खूण. मुंबईची वर्तमानपत्रं घरात मोठ्याने वाचली जायची. त्यात गोवा म्हणजे महाराष्ट्राला मिळणार की नाही, एवढाच हिशोब. मुंबईतल्या आमच्या काकांना मत नव्हतं, पण पत्रं मात्र त्यांचीच सर्वांत लांब. 1,38,170 विरुद्ध 1,72,191, फूल हरलं. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाजूच्या काकू उकड्या तांदळाची पेज घेऊन आल्या, त्या दोन पानेवाल्या. हे मुंबईला कोणी कळवलं नाही.

बाकी, कुडचड्याचा एक पोरगा आहे, नात्यातला. हुमण करतो, पण हात तिखट आहे.
– अण्णा

—

पाठवा. तिखटाचं मी बघते. फक्त 27 लाच येऊ दे, म्हणजे हा जाण्यापूर्वी त्याला डबे दाखवून ठेवील. मिठाचा आणि साखरेचा एकसारखाच आहे.
– ताई