अण्णांचा झोपेत श्वास थांबायलाय, सीपॅप मशीन घ्यावी का?

सेलूकर:
नमस्कार मंडळी. आमचे अण्णा ५८ वर्षांचे, घोरणं पहिल्यापासूनच लई, पण आता आई म्हणायली की घोरता घोरता मधीच एकदम गप होतेत, छाती हालती पण हवा काही जात नाही, अन् मग हिसका देऊन परत घोरणं चालू. दिवसा आडतीवर बसल्या बसल्या पेंगतेत, परवा तर मोटारसायकलवर डोळा लागला. बीपीच्या दोन गोळ्या चालू, तरी बीपी वरच. डॉक्टरनी रात्रीची झोपेची तपासणी केली, एएचआय ४२ आला, सिव्हिअर म्हणले अन् सीपॅप मशीन सांगितली. घरात म्हणायलेत घोरणाऱ्याला गाढ झोप असती, मशीन कशाला. चुलते म्हणायलेत ऑक्सिजनची एकदा सवय लागली की सुटत नाही. अन् आमच्याकडं लाईटीचं तुम्हाला माहितीच आहे. काय करावं?

स्लीपलॅबवाला:
भाऊ, चुलत्यांना पहिले हे सांगा की हा ऑक्सिजन नाही, खोलीतलीच हवा आहे. झोपंत घशाचे स्नायू सैल पडतेत, जीभ अन् टाळूचा मऊ भाग मागं येऊन रस्ता बंद होतो. मशीन नुसता हवेचा दाब देऊन तो रस्ता उघडा ठेवती, सायकलच्या ट्यूबमधी हवा असली की ती चपटी होत नाही तसं. १९८१ मधी ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी हा इलाज जगापुढं आणला. ४२ म्हणजे तासाला सरासरी ४२ वेळा श्वास थांबला नाहीतर अपुरा पडला, अन् १० सेकंदाच्या आतलं तर मोजतच नाहीत. ३० च्या वर सिव्हिअर. दरवेळी मेंदू त्यांना अर्धवट जागं करतो, सकाळी त्यांना काही आठवत नाही, मग गाढ झोप कुठली? बीपी गोळीला दाद देत नाही त्यामागंही हेच असू शकतं. तूर्त गाडी अजिबात चालवू देऊ नका, अन् मेडिकलवरून झोपेची गोळी तर मुळीच नको, त्यानं घसा अजून सैल पडतो. दारूचंही तसंच.

लातूरची ताई:
आमच्या ह्यांना आहे मशीन. सुरुवातीला लई चिडायचे, जीव गुदमरतो म्हणून रात्री काढून फेकायचे. मग दिवसा टीव्ही बघताना लावून बसवलं, तशी सवय झाली. खरी अडचण मास्कची असती दादा, मापाचा नसला की डोळ्यात हवा जाती, म्हणून दुकानात दोन-तीन मास्क आडवं झोपूनच लावून बघा. मशीन भाड्यानं पण मिळती, आधी तशी आणा. लाईटीसाठी आमची इन्व्हर्टरवर चालती, हवेला ओलावा द्यायला मशीनमधीच पाण्याचं भांडं असतं, ते पाणी गरम करायचा हीटर बंद ठेवला की बॅटरी बरीच पुरती. पाणी डिस्टिल्डच टाका, बोअरचं नको, क्षार धरतो.

सेलूकर:
ताई, भाड्याचं ध्यानातच नव्हतं, उद्याच विचारतो. अण्णांचं वजन ९८ आहे, ते कमी केलं तर मशीन सुटंल का?

स्लीपलॅबवाला:
वजन उतरलं की त्रास नक्की कमी होतो, काहींची सुटतीसुद्धा. पण बरं वाटायलंय म्हणून मनानं बंद करू नका, परत तपासणी करून डॉक्टरला ठरवू द्या. तवर रोज रात्री लावायची, दुपारी झोपले तरी लावायची. कुशीवर झोपू द्या, उताणं नको. अन् मशीनच्या कार्डात किती तास वापरली अन् एएचआय किती राहिला सगळं येतं, ते दाखवायला न्या, ५ च्या खाली पाहिजे.