मदत हवी आहे : लर्निंगच्या परीक्षेत मराठी नाही, मंगळवारी परत नंबर आहे

खानापूरचा_बाळू
मंडळी, इकडं कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात, लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत नापास झालंय. भाषा निवडायच्या ठिकाणी मराठी दिसलीच नाही. कन्नड वाचायला येत नाही म्हणून इंग्रजी घेतलं, तर प्रश्न वाचून होईतो वेळ संपतोय. मंगळवारी परत नंबर लावलाय. कुणाकडं प्रश्न-उत्तरं मराठीत असतील तर टाका. पीडीएफ असली तर उत्तमच. "यूट्यूबवर बघ" म्हणून कुणी सांगू नका, ते बघून झालंय. जरा लवकर बघा.

घाटमाथा
गाडी कुठली? गिअरची का बिनगिअरची? परीक्षा ऑफिसात दिली का आधारवर घरातनं? नापास म्हणजे चिन्हांत गेलं का नियमांत? काहीच सांगितलं नाहीस की. डॉक्टरकडं जाऊन नुसतं "दुखतंय" म्हटल्यासारखं झालं हे.

रिकामटेकडा
एजंटला द्या, विषय संपला.

घाटमाथा
एजंट काय स्क्रीनसमोर बसून उत्तरं देणार आहे व्हय? फॉर्म भरायला ठीक आहे. परीक्षा ज्याची त्यालाच द्यावी लागते. दुसऱ्याला बसवून काढलेलं लायसन्स अपघात झाला की कसं उलटतं ते आमच्या गल्लीत बघितलंय.

खानापूरचा_बाळू
स्कूटी आहे. ऑफिसात जाऊन दिली. कशात गेलं ते कसं कळणार, शेवटी नुसता निकाल येतो. प्रश्न-उत्तरं आहेत का कुणाकडं ते सांगा.

निपाणीकर_दादा
एक शंका. आपल्याकडं मराठी शाळेत शिकलं तरी कन्नड विषय असतोच. मी स्वतः मराठी माध्यमाचा, कन्नड पाट्या, बसचे बोर्ड, सातबारा सगळं वाचतो. खानापूर तालुक्यात राहून तुला कन्नड वाचता येत नाही? पटत नाही. कन्नडमध्येच दे, प्रश्न सोपे असतात.

खानापूरचा_बाळू
मी नाही ओ, वहिनी. मला येतंय कन्नड. वहिनींचं माहेर महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात, शाळा सगळी तिकडंच झाली. लग्न होऊन आल्यावर बोललेलं थोडं कळायला लागलंय, अक्षरं नाही येत. घरात शिवणकाम करतात, शहापूरच्या एका दुकानाचे ब्लाऊज घेतात. दर वेळी दादाला नाहीतर मला गठ्ठा घेऊन जावं लागतं, म्हणून स्कूटी. घाई त्याच्यासाठी आहे.

घाटमाथा
हे आधी लिहायचं की रे! आम्ही इथं तुला कन्नड शिकवत बसलो.

तिलारीचा_वारा
मग प्रश्नच कुठं आहे? आधार अजून चंदगडच्या पत्त्याचं असणार. महाराष्ट्रातनं काढा. तिकडं परीक्षा मराठीत होते. लायसन्स कुठलंही असू दे, देशभर चालतं. माझ्या बायकोचं असंच काढलंय.

स्वाती_टिळकवाडी
दादा, असं बिनधास्त सांगू नका. मोटार वाहन कायद्याचं ८ वं कलम काय म्हणतं बघा. लर्निंगचा अर्ज तुम्ही जिथं नेहमी राहता किंवा व्यवसाय करता त्या राज्यात करायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्या राज्यातलं कुठलंही कार्यालय चालतं, पण राज्य तेच पाहिजे. वहिनी राहतात खानापूर तालुक्यात. आधारवर जुना पत्ता राहिला म्हणून त्या चंदगडला राहतात असं होत नाही.

तिलारीचा_वारा
कलम पूर्ण वाचा मॅडम. त्यातच पुढं आहे, ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकणार ते स्कूल जिथं आहे तिथंही अर्ज करता येतो. माहेरी जाऊन तिकडच्या स्कूलमध्ये नाव घातलं की झालं. सगळं कायद्यातच बसतं.

स्वाती_टिळकवाडी
बरोबर, ते आहे. पण मग खरोखर तिथं शिकायला पाहिजे, नुसती पावती फाडून नाही. आणि लर्निंग तिकडचं म्हटल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परीक्षेलाही तिकडंच जायचं. स्कूटी घेऊन. गठ्ठे पोचवायला बाई लायसन्स काढतेय आणि तुम्ही तिला घाट ओलांडायला लावताय.

तिलारीचा_वारा
माहेरी जायला कुठल्या बाईला नको असतं?

स्वाती_टिळकवाडी
😐

घाटमाथा
बाळू, इकडं अर्ज करताना पत्त्याचा पुरावा काय दिला होता? आणि आधारवर पत्ता कुठला आहे ते अजून सांगितलंच नाहीस.

खानापूरचा_बाळू
आधार चंदगडचंच आहे. बदलायचं राहिलंय. इकडं मतदार ओळखपत्र दिलं, ते इथलं आहे. अर्ज मंजूर झालाय, परीक्षा तेवढी राहिलीय.

घाटमाथा
मग एवढं झालेलं सोडून तिकडं नवा अर्ज करू नका. एका माणसाला दोन लायसन्स ठेवता येत नाहीत, दोन राज्यांत दोन अर्ज लटकले की पुढं निस्तरत बसावं लागतं. आधारचा पत्ता मात्र बदलून घ्या, पुढं प्रत्येक कामाला अडणार. घरबसल्या परीक्षेचा पर्याय आधारवरच चालतो, म्हणून तुम्हाला ऑफिसात जावं लागलं.

गुरुजी_निवृत्त
आमच्या वेळी हे संगणक वगैरे काही नव्हतं. साहेब भिंतीवरच्या तक्त्यातल्या चिन्हावर पट्टी ठेवायचे आणि विचारायचे, हे काय? मी मराठीत उत्तर दिलं, त्यांनी कानडीत पुढचा प्रश्न विचारला, दोघांनाही कळलं. मुळात हा सीमेचा प्रश्न १९५६ सालचा आहे. राज्य पुनर्रचना झाली, मग महाजन आयोगाचा अहवाल आला १९६७ ला, मग २००४ ला महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. तो दावा अजून

जांबोटी_एक्सप्रेस
गुरुजी, मंगळवारपर्यंत निकाल लागणार नाही ओ.

गुरुजी_निवृत्त
चेष्टा करा. ज्या भागात एवढे मराठी लोक राहतात तिथं परीक्षा त्यांच्या भाषेत मागणं यात चूक काय आहे?

निपाणीकर_दादा
चूक काही नाही. पण आम्ही शिकलोच की कन्नड. राहायचं इथं आणि

धागापाल
सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे. दोघांनीही तिकडं जावं. इथं परीक्षेचंच बोला.

स्वाती_टिळकवाडी
बाळू, आता कामाचं लिहिते. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हिशेब बघते, त्यामुळं रोज नापास होऊन आलेले चेहरे बघते. मराठी माध्यमाची माणसं इंग्रजीतनं पास होतात. पण मराठीतली पीडीएफ पाठ करून होत नाहीत, कारण स्क्रीनवर तेच वाक्य मराठीत येणार नाहीये. मराठी वाचायचं ते समजायसाठी, ओळखायची सवय इंग्रजीची लावायची.

आधी चिन्हं. प्रश्नांतला मोठा भाग चित्रांचा असतो, आणि चिन्हं देशभर एकच, चंदगडला वेगळी आणि खानापूरला वेगळी नाहीत. आकार बघून अर्धं उत्तर मिळतं. लाल काठाचा त्रिकोण म्हणजे पुढं सांभाळ : वळण, अरुंद पूल, शाळा, रेल्वे फाटक. लाल काठाचा गोल म्हणजे मनाई किंवा मर्यादा. निळा गोल म्हणजे असंच करायचं. निळा चौकोन म्हणजे नुसती माहिती : पेट्रोल पंप, दवाखाना. स्टॉपचं चिन्ह एकटंच आठ कोनांचं. उलटा त्रिकोण दिसला की दुसऱ्याला आधी जाऊ द्यायचं.

लोक जिथं हमखास चुकतात ते सांगते. नो पार्किंग आणि नो स्टॉपिंग. दोन्ही निळी, लाल काठाची, गोल. एकच लाल तिरकी रेघ असली तर पार्किंग नाही, म्हणजे माणूस उतरवायला क्षणभर थांबलेलं चालतं. दोन रेघांची फुली असली तर थांबायचंच नाही. वहिनींना ही दोन चित्रं वहीत स्वतःच्या हातानं काढायला सांगा. ब्लाऊजचा गळा कापणाऱ्या बाईला रेघ बरोबर लक्षात राहते.

खानापूरचा_बाळू
हे बरं आहे. चिन्हं वहिनींना येतात म्हणे बरीचशी. नियमांचे प्रश्न लांबलचक असतात, तिथं वेळ जातो.

स्वाती_टिळकवाडी
लांब प्रश्नात सगळं वाचायचंच नाही. इंग्रजीतले दहा-बारा शब्द नजरेत बसवा : पेडेस्ट्रियन (पायी चालणारा), ओव्हरटेक, जंक्शन, झेब्रा क्रॉसिंग, राइट ऑफ वे (आधी जायचा हक्क), हेडलाइट, हॉर्न, पार्किंग. शब्द दिसला की विषय कळतो, विषय कळला की उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. झेब्रावर माणूस आहे? थांबायचं. समोरनं गाडी येतेय आणि रात्र आहे? दिवा डिपर करायचा. फाटकावर राखणदार नाही? गाडी थांबवून, दोन्ही बाजूंना बघून, मगच पुढं. ओव्हरटेक उजवीकडनं. पण पुढच्यानं उजवीकडं वळायची खूण केली असली तर डावीकडनं चालतं. ही पाचर हमखास मारतात.

जांबोटी_एक्सप्रेस
गोलचक्राचं विसरलात. उजवीकडनं येणाऱ्याला आधी सोडायचं. आपल्याकडं प्रत्यक्षात जो जास्त जोरात हॉर्न मारतो तो आधी जातो, ते उत्तर देऊ नका.

आणि घाटाचा प्रश्न : चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्यानं थांबायचं. चोर्ला घाटात ऊसाच्या नाहीतर विटांच्या भरलेल्या ट्रकामागं अडकलात की कारण आपोआप कळतं. चढावर थांबलेला भरलेला ट्रक परत उचलत नाही.

घाटमाथा
लायसन्सच्या सरकारी सारथी पोर्टलवर सराव चाचणी असते. तीच रोज संध्याकाळी मोबाईलवर द्यायला लावा, इंग्रजीतनंच. खऱ्या परीक्षेसारखंच प्रत्येक प्रश्नाला वेगळं घड्याळ. अडलं तर अंदाजानं उत्तर मारून पुढं. केंद्रीय नियमात ६० टक्के बरोबर असले की पास, शंभर नकोत. पहिल्या स्क्रीनवर किती प्रश्न आणि किती बरोबर पाहिजेत ते लिहिलेलं असतं, ते शांतपणे वाचायचं.

मंगाईचा_भक्त
वय ४० च्या वर असलं तर डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो. विसरू नका. माझा त्याच्यावरच अडला होता.

खानापूरचा_बाळू
वहिनी २९ च्या आहेत.

मंगाईचा_भक्त
असू दे, माहिती असलेली बरी.

रिकामटेकडा
तोवर गावात चालवू देत की. कोण बघतंय?

स्वाती_टिळकवाडी
लर्निंगसुद्धा नाही आणि चालवू दे म्हणताय. १८१ व्या कलमात विनालायसन्स दंड ५,००० रुपये आहे. वर गाडी दिली म्हणून मालकाला १८० कलम वेगळं. विम्याचं तर विचारूच नका. लर्निंग हातात आल्यावरही पुढं-मागं लाल एल लावायचा आणि मागं लायसन्सवालं माणूस बसवायचं. बाळू, ते माणूस म्हणजे तुम्ही किंवा दादा.

निपाणीकर_दादा
अर्जात गाडीचा प्रकार काय टाकलाय? बिनगिअरचा टाकला असला तर त्या लायसन्सवर बाईक चालवता येणार नाही. गिअरचा टाकला तर स्कूटी आपोआप त्यात येते.

घाटमाथा
शिवणकाम करणाऱ्या बाईला बुलेट चालवायचीय असं कुणी सांगितलं तुम्हाला? पक्क्या परीक्षेला मग गिअरची गाडी आणावी लागणार. आहे ते राहू दे.

निपाणीकर_दादा
पुढची सोय बघायला काय जातंय?

तिलारीचा_वारा
गाडी कुठल्या पासिंगची आहे? माहेरनं दिली असली तर एमएच-०९ असणार.

खानापूरचा_बाळू
व्हय, एमएच-०९. मामांनी घेऊन दिली. का?

तिलारीचा_वारा
मग खरं काम पुढंच आहे. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो. फॉर्म २८ वर कोल्हापूर आरटीओची एनओसी (ना-हरकत), मग इकडं नव्या नंबरासाठी फॉर्म २७, आणि इकडचा रोड टॅक्स. तिकडं भरलेल्याचा उरलेला परतावा मागता येतो, पण त्यासाठी धावपळ तुमचीच. म्हणून म्हणत होतो, सगळंच तिकडचं ठेवा.

स्वाती_टिळकवाडी
परत तेच! गाडी इकडं चालणार आहे दादा. बाळू, तो विषय लायसन्स झाल्यावर बघा. आत्ता परीक्षेला गाडी न्यायची नाहीये.

खानापूरचा_बाळू
वहिनींना सगळं वाचून दाखवलं. डावीकडच्या वळणाची हाताची खूण कळेना म्हणाल्या. गाडी चालवताना उजवा हात सोडून डावीकडं कसं दाखवायचं? चित्रात हात नुसता बाजूला दिसतोय.

घाटमाथा
उजवीकडं वळायचं असलं तर उजवा हात सरळ बाहेर, तळवा पुढं, स्थिर. डावीकडं असलं तर तोच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट गोल फिरवायचा. चित्रात बाणाची छोटी गोल रेघ असते, तीच ओळख. हात वरखाली हलवला, तळवा खाली, तर वेग कमी करतोय. कोपरातनं हात उभा, म्हणजे थांबतोय.

खानापूरचा_बाळू
रेघ दिसली. झालं. रविवारी सराव चाचणी बसवतो त्यांना. मराठी पीडीएफ तरी कुणी टाकली नाहीच.

घाटमाथा
महाराष्ट्राच्या परिवहन विभागाचे मराठी प्रश्न मिळतात, ते समजायला वाचू देत. पाठ नको, स्वातीताईंनी कारण सांगितलंय.

कोगनोळी_टोल
धागा वर आलाय म्हणून विचारतो. माझं लायसन्स २०११ चं आहे, पुस्तकवालं. स्मार्ट कार्ड करायला परत परीक्षा द्यावी लागते का?