मदत हवी आहे : ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात सशाची निगा

नमस्कार मंडळी. आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो आणि आमच्या घरी चिंगी नावाची दोन वर्षांची सशाची मादी आहे. लंडनला असलेल्या माझ्या नणंदेच्या सल्ल्याने आम्ही तिची दिनचर्या ठरवली, पण तिकडचे सगळेच इकडे लागू पडत नाही. ब्रिटनमध्ये सशांना मिक्सोमॅटोसिस आणि रक्तस्रावी रोगाविरुद्ध नियमित लस देतात आणि बरेच लोक त्यांना बारा महिने अंगणातल्या लाकडी खुराड्यात ठेवतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये तर घरी ससा पाळायलाच कायद्याने बंदी आहे.

आमची खरी अडचण उन्हाची आहे. सशाला माणसासारखा घाम येत नाही, तो मुख्यतः कानांवाटे उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे पारा ३० अंशांच्या वर गेला की उष्माघाताची भीती असते, आणि इथे मे महिन्यात तो ४५ अंशांपर्यंत जातो. परवा दुपारी चिंगी मोरीजवळच्या फरशीवर पोट टेकून पसरली होती, कान तापलेले होते आणि गवताला तिने तोंडही लावले नव्हते. मी तासभर तिच्या कानांना ओला रुमाल लावत बसले.

बाहेरून येणारे टिमोथी गवत फार महाग पडते. बरसीम सहज मिळते, पण त्यात कॅल्शियम जास्त असल्याने रोज देववत नाही. हरळी सावलीत वाळवून कोणी वर्षभर पुरवली आहे का? तसेच सशांवर नसबंदीची शस्त्रक्रिया करण्याचा अनुभव असलेले पशुवैद्य ग्वाल्हेर किंवा इंदूरला कोणाच्या माहितीत असल्यास कृपया कळवावे.