रेकॉर्ड विभागाला कॉम्प्युटर येत नाही, की विचारणाऱ्यांना रेकॉर्डचं काम कळत नाही?

जुना_कप्पा:
आमच्या रुग्णालयात गेल्या महिन्यात रेकॉर्ड विभागातल्या सगळ्यांची कॉम्प्युटरची चाचणी झाली. रॅम म्हणजे काय, एक्सेलमध्ये बेरीज कशी करतात, ईमेलला फाइल कशी जोडतात, असे प्रश्न. निम्मे लोक नापास झाले आणि लगेच शेरा आला: यांना येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. मला हा शेरा फार लागला.

माझ्या शेजारी बसणाऱ्या ताईंची या विभागात २६ वर्षं गेली. रॅम त्यांना सांगता आलं नाही. पण फाइल क्रमांक ४७-५२-१८ असेल, तर ती आधी १८ च्या कप्प्यात, तिथे ५२ च्या गठ्ठ्यात आणि त्यात ४७ व्या जागी का लावायची, हे त्या नवख्याला दोन मिनिटांत पटवून देतात. क्रमांक पुढून वाचला तर नव्या फाइलींची सगळी गर्दी शेवटच्या रॅकवर होते. मागून वाचला तर शंभर कप्प्यांत सारखी वाटणी होते. प्रोग्रामर ज्याला हॅशिंग म्हणतात, त्याचंच हे कागदी रूप. आणि या बाईंना तांत्रिक डोकं नाही म्हणायचं?

नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की रुग्ण शोधताना नावापुढे जन्मतारीख दिसत नाही, घोळ होईल. 'बदलाला विरोध' म्हणून ते बाजूला पडलं. तीन आठवड्यांत एकाच नावाच्या दोघांचे रिपोर्ट एकमेकांच्या फाइलीत गेले.

खिडकी_तीन:
मी अशाच एका विभागाची सुपरवायझर आहे. ताईंबद्दल आदर ठेवूनही मला तुमचं म्हणणं पटत नाही. रॅमचा प्रश्न फालतू, मान्य. पण आमच्याकडे एका लॉगिनवर चार जण काम करत होते, पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. एका डिस्चार्ज झालेल्या रुग्णाचं निदान सिस्टिममध्ये बदललं गेलं. कोणी बदललं? नोंदीत नाव निघालं ते त्या दिवशी रजेवर असलेल्या मुलीचं. खुलासा तिने दिला, रडली ती. हे अनुभवाने येत नाही, शिकावंच लागतं. आणि शिकायला बोलावलं की 'आमची पाच वर्षं राहिलीत' हे उत्तर. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने ब्रिटनमधली किती रुग्णालयं कागदावर आणली, ते आठवा. एका चुकीच्या क्लिकची किंमत असते ती.

कोडवाली:
खिडकी_तीन, पासवर्डचं शंभर टक्के बरोबर. पण वॉनाक्रायचं खापर कारकुनावर नको. तो अपडेट न केलेल्या विंडोजमधून आपोआप पसरत गेला. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, ती मशीनवर चढवणं रेकॉर्ड विभागाच्या हातात नव्हतं.

मी आयसीडी कोडिंग करते, म्हणजे प्रत्येक आजाराला आंतरराष्ट्रीय यादीतला ठरावीक कोड देते. आयसीडी-१० मध्ये उच्च रक्तदाबाचा कोड आय१०. म्हणजे इंग्रजी आय अक्षर, मग एक, मग शून्य. नवीन माणूस आयच्या जागी एक टाइप करतो आणि स्क्रीन म्हणते 'सापडलं नाही'. गरोदरपण आणि प्रसूतीचे कोड ओ अक्षराने सुरू होतात, तिथे शून्याशी तोच घोळ. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये ही दोन्ही अक्षरं वगळली आहेत, नेमकी या गोंधळासाठी. म्हणजे दोष बोटांचा नव्हता, कोडच्या रचनेचा होता. आमच्याकडे मात्र वर्षानुवर्षं 'टायपिंग कच्चं' असंच लिहिलं गेलं.

नवा_माणूस:
दोन वर्षांपूर्वी लागलो, या विभागात सगळ्यात लहान मीच. इथे सगळे ज्येष्ठांच्या बाजूने बोलताहेत म्हणून लिहितो. स्कॅनिंग माझ्याकडे, नोंदी माझ्याकडे, प्रिंटर अडला तरी हाक मलाच. 'तू कर रे, तुला येतं.' शिकवायला बसलो की कोणाचा तरी फोन येतो. आणि सिस्टिममध्ये नोंद झाल्यावरही वहीत पुन्हा तीच नोंद. दुप्पट काम!

जुना_कप्पा:
वही का ठेवतात ते सांगतो. सर्व्हर दोन दिवस बंद होता तेव्हा ऑपरेशनच्या रुग्णाची जुनी फाइल कोणत्या वॉर्डात आहे, हे फक्त वहीत सापडलं. फ्रेड डेव्हिस या संशोधकाने १९८९ मध्ये मांडलं होतं, की माणूस तंत्रज्ञान स्वीकारतो ते दोन गोष्टी पाहून: कामाला येईल असं वाटतं का, आणि वापरायला सोपं वाटतं का. आमच्या लोकांना ऐन वेळी ते कामाला आलं नाही. मग भरवसा कुठून आणायचा?

नवा_माणूस:
दादा, सर्व्हर एकदा बंद पडला. वही रोज आहे. आणि वहीत एक, स्क्रीनवर दुसरं असेल तर डॉक्टरांनी खरं काय धरायचं? त्या दिवशी फाइल सापडली ते चांगलंच झालं, पण दोन ठिकाणच्या नोंदी ही रुग्णासाठी जोखीमच आहे.

खिडकी_तीन:
हा मुलगा बरोबर बोलतोय. आणि जुना_कप्पा, पुढची चाचणी तुम्ही काढा. एक गुंतागुंतीचं डिस्चार्ज कार्ड द्या, दुहेरी नोंद शोधायला लावा. पण स्वतःच्या लॉगिनने काम करून बाहेर पडायचं, ही अट माझी. त्यात वयाची सवलत नाही.

जुना_कप्पा:
अट मान्य. ताईंनाही सांगितली, त्यांनी आपल्या मॉनिटरच्या कडेची पासवर्डची चिठ्ठी काढून टाकली.

नवा_माणूस, तुझा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून आज ताईंबरोबर बसून मागच्या आठवड्याची वही आणि स्क्रीन ताडून पाहिली. सात नोंदी जुळल्या नाहीत. पाचांत वही बरोबर होती, दोनांत स्क्रीन. त्या दोन ताईंनी स्वतः लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि मला म्हणाल्या, उरलेल्या पाच स्क्रीनवर कशा बदलायच्या ते मला दाखव, तू करू नकोस.