प्रतिसाद: महागडी खेळणी नसली तरी

महागडी शैक्षणिक खेळणी परवडत नाहीत, मग बाळ मागे पडेल का, हा ताईंचा प्रश्न वाचून राहवलं नाही. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये १९८६-८७ साली वाढ खुंटलेल्या १२९ बाळांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जायच्या. बाळाशी कसं बोलायचं, खेळायचं, कौतुक कसं करायचं हे आईला दाखवायच्या. खेळणी टाकाऊ वस्तूंचीच. वीस वर्षांनी या मुलांची कमाई, भेटी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली! घर तेच, गरिबीही तीच. तेव्हा ताई, स्वयंपाक करताना वाटी-चमचा द्या त्याच्या हातात, आणि काय करताय ते सांगत राहा. तो हुंकार देईल, त्याला उत्तर द्या.