शनिवार सकाळची कार्टून्स आणि आपलं 'एक चिड़िया': इंदूरकरांनो, काय काय आठवतंय?

राजवाडा_७५

नमस्कार मंडळी, विषय जरा पोरकट आहे पण चार दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून टाकतोय. घरात लग्न होतं, त्यासाठी माझा आत्तेभाऊ अमेरिकेहून आलाय, जन्म तिकडचाच, वय छप्पन, मराठी बोलतो पण क्रियापद शोधत शोधत. सकाळी गच्चीवर पोहे-जलेबी चालू होती, कुणीतरी पोरांच्या पाढ्यांवरून कटकट करत होतं, आणि हा बाबा पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याचा डबा हातात धरून एकदम तीनचा पाढा गायला लागला, म्हणजे चक्क चालीवर, इंग्रजीत. म्हणे लहानपणी शनिवारी सकाळी टीव्हीवर कार्टूनच्या मध्ये मध्ये हे लागायचं आणि तिथेच पाठ झालं, शाळेत नाही.

मग मला विचारतो, तुमच्याकडे असं काय होतं रे? आणि मी गप्प. पुण्याची वहिनी लगेच सुरू, मुंबई दूरदर्शनचं 'किलबिल', 'गजरा', अमकं तमकं. तिला काय, तिच्या अँटेनावर मुंबई यायची, आपल्याकडे दिल्ली. घरात मराठी, टीव्हीत हिंदी, शाळेत हिंदी. पाढ्यांचं तर विचारूच नका, संध्याकाळी आजोबा दिवेलागणीला बसवून 'बे एके बे, बे दुणे चार' म्हणून घ्यायचे आणि सकाळी गुरुजी 'दो एकम दो, दो दूनी चार'. 'त्रिक' म्हटलं की शाळेत हसायचे, 'तिया' म्हटलं की घरी आजोबा चष्म्यावरून बघायचे.

रात्री झोपताना आठवलं, अरे आपलं दूरदर्शनवरचं 'एक चिड़िया, अनेक चिड़ियाँ' कार्टून होतं की! पण ते शनिवारी लागायचं का रविवारी? आणि केलं कुणी? आणि अजून काय होतं? आत्तेभाऊ रविवारी परत चाललाय, त्याच्या आत इज्जत वाचवा.

सुदामानगरवाली

दादा, त्याला वारच नव्हता! कार्यक्रम लवकर संपला, पुढच्याला वेळ आहे, की लावलं चिड़िया. त्यामुळे वाट बघणं वगैरे नाहीच, अचानक लागायचं आणि आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, 'लागलं गं!' मी गॅलरीतून धावत यायचे आणि निम्मं संपलेलं असायचं. एकूण सातेक मिनिटांचंच तर आहे.

माझ्यासाठी ते कार्टून म्हणजे हिंदीचं व्याकरण होतं, खरंच सांगते. घरी आपण म्हणतो चिमणी-चिमण्या, खार-खारी, मग शाळेत मी बिनधास्त 'गिलहर्या' लिहून आले होते, बाईंनी लाल पेनने एवढा मोठा गोल केला. त्यात ते एक गिलहरी, अनेक गिलहरियाँ, एक तितली, अनेक तितलियाँ, असं चित्र दाखवून दाखवून चाललंय, ते बघून माझं अनेकवचन सुटलं. एकीची शिकवण वगैरे नंतर, आधी मला 'इयाँ' कळलं 😄 माझ्या आईचंसुद्धा, ती लग्न होऊन साताऱ्याहून आली तेव्हा भाजीवाल्याशी खुणेनेच बोलायची.

भिया_जिरावण

ते भीमसेन जोशींनी केलंय ना? नावात बघितल्यासारखं वाटतंय.

चष्मेवाला

नाही हो भिया 😀 तुमचं 'मिले सुर' मिसळलं त्यात, ते १९८८चं, त्याची सुरुवात जोशीबुवांच्या आवाजाने होते. चिड़ियावाले ते भीमसैन, सगळे भीमसेनच म्हणतात, ॲनिमेशनवाले. पुढे 'घरौंदा' सिनेमा केला तेच. चित्रं आणि ॲनिमेशन त्यांचं.

आता मूळ प्रश्नाला येतो, आणि राजवाडा दादा, पुण्याच्या वहिनींना हे जरूर वाचून दाखवा. त्या फिल्मचं पूर्ण नाव 'एक अनेक और एकता', १९७४ची, फिल्म्स डिव्हिजनची. दिग्दर्शन विजया मुळे! मुंबईच्या, १९२१चा जन्म, सगळे त्यांना 'अक्का' म्हणायचे, २०१९ मध्ये गेल्या. 'लगान'मध्ये भुवनची आई झालेल्या सुहासिनी मुळे त्यांच्या कन्या. संगीत कुणाचं? वसंत देसाईंचं, म्हणजे 'ऐ मालिक तेरे बंदे हम' आणि 'हमको मन की शक्ति देना' वाले, अस्सल सिंधुदुर्गातले. आणि त्यात तो जो लहान मुलीचा आवाज आहे ती आपली साधना सरगम, तेव्हा शाळकरी पोर, गाव दाभोळ. आपण समजत बसलो की आपल्या वाट्याला मराठी काही आलंच नाही, आणि इकडे दिग्दर्शन मराठी, चाल मराठी, गळा मराठी, फक्त शब्द हिंदी.

राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपट म्हणून. मुळेबाई पुढे दिल्लीच्या शैक्षणिक टीव्ही केंद्राच्या प्रमुख होत्या, सॅटेलाइटच्या प्रयोगासाठी तिथे मुलांचे कार्यक्रम बनायचे. 'साइट' म्हणायचे त्या प्रयोगाला, १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, नासाचा उपग्रह आणि आपली इस्रो, सहा राज्यांतली २४०० गावं, त्यात आपलं एमपीसुद्धा, पण रायपूरकडचा भाग, तो आता छत्तीसगडात गेला. म्हणजे गंमत बघा, तिकडच्या खेड्यातल्या शाळेत पोरं उपग्रहावरून टीव्ही बघत होती तेव्हा आमच्या रामबागेत एकाही घरात टीव्ही नव्हता.

राजवाडा_७५

अरे बाप रे. वसंत देसाई?? माझे वडील हयात असते तर तीन दिवस हेच बोलले असते. वहिनीला आत्ताच फॉरवर्ड केलं, निळ्या टिक आल्यात, उत्तर नाही.

माळवी_परदेशी

मी पण इंदूरची, तिलकनगर, लग्नानंतर न्यू जर्सी. तुमच्या भावाचं ते म्हणजे नक्की 'स्कूलहाउस रॉक'. माझ्या नवऱ्यालाही सगळी पाठ आहेत, गाडी चालवताना सुरू होतो. एबीसी चॅनलवर १९७३ पासून, शनिवारी सकाळी दोन कार्टूनच्या मध्ये तीनेक मिनिटांची गाणी, अगदी जाहिरातीसारखी. आणि सुचली पण जाहिरातवाल्यालाच, डेव्हिड मॅकॉल म्हणून, त्याच्या पोराला पाढे काही केल्या पाठ होईनात पण रॉकची गाणी मात्र अख्खी तोंडपाठ, मग ह्याच्या डोक्यात आलं की पाढेच गाण्यात घालू. बॉब डोरो नावाच्या जॅझवाल्याने पहिलं केलं ते तीनाचंच, म्हणून तुमच्या भावाला तेच आठवलं असणार.

ह्यात नवीन काय आहे ते मात्र मला कळलं नाही, आपले आजोबा परवचा चालीवरच म्हणून घ्यायचे, पावकी-निमकीसकट (म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे), फक्त कार्टून नव्हतं आणि मध्ये थांबलं की कान धरायचे. एक मजेशीर किस्सा, स्कूलहाउस रॉकवाल्यांनी अमेरिकेच्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकेचं गाणं केलं त्यात चालीत बसेना म्हणून सुरुवातीचे 'ऑफ द युनायटेड स्टेट्स' एवढे शब्दच गाळले. आता ज्यांनी गाण्यावरून पाठ केलं ते लिहिताना काय करणार! नवरा अजून तसंच म्हणतो, शपथेवर सांगते. आणि ते शनिवार सकाळचं कार्टून प्रकरण इकडे संपलंच, मोठ्या चॅनलवरचा शेवटचा स्लॉट २०१४ मध्ये बंद झाला. आता सगळं मोबाईलवर, केव्हाही.

सराफा_रात्री_१

मी तुमच्यात लहान, ८६चा. आमच्या वेळी 'मीना' नावाच्या मुलीची कार्टून्स! युनिसेफची, ॲनिमेशनवाले राम मोहन यांचं काम. मुलींना शाळेत पाठवत नाहीत म्हणून तिचा पोपट मिठू शाळेत जाऊन शिकून येतो आणि तिला शिकवतो, मग ती कोंबड्या मोजते आणि एक कमी भरते, चोर सापडतो. आणि ते आंब्याचं, भाऊ राजूला मोठा वाटा, तिला छोटा, मग दोघं एक दिवस एकमेकांची कामं करून बघतात आणि राजूची दुपारपर्यंत हवा टाइट. ते लागलं की माझी बहीण आवाज वाढवायची आणि माझ्याकडे बघत बसायची. आमच्या घरात त्यानंतर आंबा सुरीने, मोजून कापायला लागले, अजून कापतात.

'जंगल बुक'चं शैक्षणिक काय ते माहीत नाही पण शेरखानला आवाज नाना पाटेकरचा, तेवढं मराठी खात्यात जमा करून घ्या.

राजवाडा_७५

घेतलं जमा. काल रात्री सगळ्यांना हॉलमध्ये बसवून टीव्हीवर चिड़िया लावलं. जाळ्यासकट उडणारे पक्षी बघून आत्तेभाऊ म्हणतो, ही तर आईने सांगितलेली पंचतंत्राची गोष्ट! म्हणजे आत्याने तिकडे बसून त्याला सांगितली होती, त्याला फक्त उंदरांनी जाळं कुरतडलं ते आठवत नव्हतं. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, 'गिलहरियाँ' बरोबर ठेक्यात म्हणाली.

मग पैज लागली की आपण पण एक पाढा चालीवर बसवायचा, तो जायच्या आत. बारापर्यंत आरामात बसतंय, पण आईने मुद्दाम एकोणतीसाचा दिलाय. कुणाच्या आजोबांची त्याची चाल लक्षात असेल तर व्हॉइस नोट टाका, रविवारी दुपारची फ्लाइट आहे.