‘ग्रिटी’ मालिकांना मराठीत काय म्हणावं? दाहक, रखरखीत की आणखी काही?

सातारकर:
‘अवर फ्रेंड्स इन द नॉर्थ’ या ब्रिटिश मालिकेची मराठीत ओळख लिहितोय आणि पहिल्याच वाक्यात गाडी अडली आहे. १९९६ साली बीबीसी टूवर आलेली, पीटर फ्लॅनरी यांनी लिहिलेली ही नऊ भागांची मालिका. न्यूकॅसलच्या चार मित्रमैत्रिणींची १९६४ ते १९९५ ही एकतीस वर्षं तिच्यात येतात. प्रत्येक भागाला एका सालाचं नाव आहे. डॅनियल क्रेग, ख्रिस्तोफर एकल्स्टन, जीना मॅकी आणि मार्क स्ट्राँग या चौघांना पुढे नाव मिळालं, त्यात या मालिकेचा मोठा वाटा आहे.

इंग्रजीत अशा मालिकांसाठी एक शब्द ठरून गेलाय, ‘ग्रिटी’. आपल्याकडे लिहिणारे त्यासाठी ‘दाहक वास्तव’, ‘रखरखीत वास्तव’, ‘वास्तववादी’, ‘रांगडी’ यांपैकी काहीतरी वापरतात. मला यातलं एकही पटत नाही. ‘ऐतिहासिक मालिका’ म्हणावं तर वाचकाच्या डोळ्यांपुढे घोडे आणि तलवारी येतात, आणि इथे तर खाणकामगार, नगरसेवक आणि ओल आलेले फ्लॅट आहेत. जाणकारांनी सुचवावं.

परळकर:
‘ग्रिट’ म्हणजे मुळात बारीक, खरखरीत रेती. पालेभाजी नीट धुतली नाही की दाताखाली जी कचकच लागते, ती. म्हणजे शब्दाच्या पोटात स्पर्श आहे, ताप नाही. ‘दाहक’ आणि ‘रखरखीत’ हे दोन्ही शब्द उन्हातून आलेत. आपल्याकडे हाल म्हटले की ऊन, दुष्काळ, भेगाळलेली जमीन असंच चित्र येतं, म्हणून हे शब्द हाताशी असतात. पण या मालिकांमध्ये ऊन दिसतं कुठे? पाऊस, ओल, कोळशाची काजळी, सिगारेटच्या धुराने पिवळट पडलेलं छत. तुम्ही लिहिताय त्याच मालिकेत चौघांतल्या मेरीच्या फ्लॅटच्या भिंतींवर बुरशी चढते, कारण टोलेजंग इमारत कंत्राटदाराने कशीतरी उभी केलेली असते आणि नगरपालिकेतल्या माणसांचे हात ओले झालेले असतात. त्या बुरशीला ‘दाहक’ कसं म्हणणार?

माझं मत ‘कळकट’ या शब्दाला. कळकट भांडं, कळकट भिंत, कळकट जिना. धूर, तेल, ओल आणि वर्षानुवर्षांचा हात लागून जो थर बसतो तो या एका शब्दात आहे. शिवाय त्यात काळही आहे. नवी वस्तू घाण होऊ शकते, कळकट व्हायला वर्षं जावी लागतात.

लीड्सकर:
परळकरांशी सहमत, आणि एक पुस्ती जोडतो. इथे उत्तर इंग्लंडात ‘ग्रिट’ हा शब्द पायाखालीही आहे. पेनाइन डोंगररांगेत ‘मिलस्टोन ग्रिट’ नावाचा भरड वालुकाश्म सापडतो. जात्याच्या तळ्या त्याच्या करत, म्हणून ते नाव. यॉर्कशायरच्या गिरणीगावांतली घरं, चर्च, नगरभवनं अशाच दगडांची. मूळ रंग मधाकडे झुकणारा, पण शंभर-दीडशे वर्षांच्या धुराने सगळं काळंठिक्कर झालेलं. १९५६ च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर धूर हळूहळू कमी झाला आणि पुढे बऱ्याच इमारती घासूनपुसून काढल्या. त्यामुळे सत्तरच्या दशकावरची मालिका आज चित्रित करायची तर आधी काळ्या राहिलेल्या भिंती शोधाव्या लागतात. ‘कळकट’ इथे शब्दशः लागू पडतो.

‘रेड रायडिंग’ पाहिली नसेल तर जरूर पाहा. २००९ मध्ये चॅनेल फोरने डेव्हिड पीस यांच्या कादंबऱ्यांवरून तीन चित्रपट केले, १९७४, १९८० आणि १९८३ या सालांचे. मूळ कादंबऱ्या चार आहेत, १९७७ ची गाळली. तीन दिग्दर्शक, आणि तिघांची चित्रीकरणाची साधनं वेगळी. पहिला भाग १६ मिमी फिल्मवर, दुसरा ३५ मिमीवर, तिसरा डिजिटल कॅमेऱ्यावर. पहिल्या भागात पडद्यावर अक्षरशः रवाळपणा दिसतो. खोल्या तपकिरी, कोट तपकिरी, चहाही तपकिरी, आणि बाहेर ओलं माळरान. एका तरुण बातमीदाराला बेपत्ता मुलींचा माग काढताना कळत जातं की पोलीस आणि बिल्डर एकाच टेबलावर जेवतात. चित्राचा पोतच इतका खरखरीत आहे की संवाद समजला नाही तरी गुदमरायला होतं.

सातारकर:
‘रायडिंग’चा घोडेस्वारीशी काही संबंध?

लीड्सकर:
काहीच नाही. जुन्या नॉर्स भाषेत ‘तिसरा हिस्सा’ या अर्थाचा शब्द होता, त्याचं हे झिजलेलं रूप. यॉर्कशायरचे ईस्ट, वेस्ट आणि नॉर्थ असे तीन रायडिंग होते, म्हणून ‘साउथ रायडिंग’ कधी नव्हताच. आपल्याकडे पिकाच्या तिसऱ्या हिश्श्याला ‘तिजाई’ म्हणतात, अर्थाने तोच शब्द. १ एप्रिल १९७४ पासून प्रशासनातून हे रायडिंग गेले. कथा सुरू होते तेच साल. नाव भाषांतरित करू नका, पण ओळखीत एक ओळ अवश्य द्या.

नागपूरकर:
‘कळकट’ला माझी हरकत आहे. शब्दात तुच्छता आहे. कळकट माणूस म्हटलं की आपण नाक मुरडतो. या मालिका गरिबांकडे नाक मुरडून पाहत नाहीत, उलट त्यांच्या स्वयंपाकघरात मांडी घालून बसतात. दुसरं म्हणजे इंग्रजीत ‘ग्रिट’ हा गुणही आहे. ‘शी हॅज ग्रिट’ म्हणजे ती हटणारी नाही. ते ‘कळकट’मध्ये कुठे आलं?

परळकर:
हरकत रास्त आहे. म्हणूनच एका शब्दाचा हट्ट सोडावा असं मला वाटतं. परिसरासाठी ‘कळकट’, माणसांसाठी ‘चिवट’. ‘कणखर’ही चालेल, पण कणखर माणूस उभा राहतो, चिवट माणूस मार खाऊन पुन्हा उठतो, आणि या मालिकांमधली बहुतेक माणसं दुसऱ्या जातीची आहेत. ‘कळकट’ हे विशेषण माणसाला कधीच लावू नये, हे तुमचं म्हणणं मी जसंच्या तसं मान्य करतो.

जाता जाता, ‘किचन सिंक ड्रामा’, म्हणजे कामगारांच्या घरातलं रोजचं जगणं दाखवणारी नाटकं, या संज्ञेतला सिंकही असाच. १९५४ मध्ये डेव्हिड सिल्व्हेस्टर या कलासमीक्षकाने जॉन ब्रॅटबीसारख्या चित्रकारांच्या घरगुती पसाऱ्याच्या चित्रांवर लिहिताना ‘किचन सिंक’ हे शब्द वापरले, मग ते नाटकांना, सिनेमांना आणि टीव्हीला चिकटले. चाळीत राहिलेल्याला ‘मोरी’ म्हटलं की बरोब्बर कळतं.

डोंबिवलीकर:
मला ‘लाइफ ऑन मार्स’बद्दल विचारायचं आहे. २००६ मधला पोलीस अधिकारी सॅम टायलर गाडीखाली येतो आणि १९७३ च्या मँचेस्टरमध्ये जागा होतो. तिथला वरिष्ठ जीन हंट. त्याला सगळे ‘गव्ह’ म्हणतात. याला ‘साहेब’ म्हणावं का?

लीड्सकर:
‘गव्ह’ म्हणजे ‘गव्हर्नर’. मुळात हा लंडनच्या पोलिसांचा शब्द, उत्तरेकडे ‘बॉस’ जास्त चालतो. त्यामुळे मँचेस्टरच्या ठाण्यात तो थोडा परका वाटतो. पुढची मालिका ‘ॲशेस टू ॲशेस’ १९८१ च्या लंडनमध्ये घडते, तिथे मात्र चपखल बसतो.

सातारकर:
आपल्या पोलिसांतला ‘साहेब’ अदबीचा आहे. ‘गव्ह’मध्ये अदब थोडी आणि टोळीची जवळीक जास्त. आरोपीला भिंतीवर आपटणारा, पुरावा खिशातून काढणारा आणि आपल्या माणसांसाठी जीव टाकणारा हा हंट, त्याला मराठीत ‘साहेब’ म्हणताना आवाज बदलावा लागेल. मी ‘गव्ह’ तसाच ठेवेन. त्याहून महत्त्वाचं, त्याच्या तोंडची बायकांबद्दलची आणि बाहेरून आलेल्यांबद्दलची भाषा मराठीत आणताना गुळमुळीत करू नये. ती भाषा ऐकून सॅम दचकतो, त्या दचकण्यावरच मालिका उभी आहे. तीच धुऊन पुसून दिली तर १९७३ आणि २००६ मधलं अंतर उरत नाही.

डोंबिवलीकर:
आणि ‘पीकी ब्लाइंडर्स’? तिला सगळे ग्रिटीच म्हणतात.

परळकर:
मी म्हणणार नाही. बर्मिंगहॅमचं स्मॉल हीथ, १९१९ पासूनचा काळ, कारखान्यांचा धूर, सगळं आहे. पण तो धूरही शिस्तीत उठतो. कोट बेतलेले, चाल संथ केलेली. ती दिमाखदार मालिका आहे, आणि दिमाख म्हणून उत्तमच आहे. ‘पीकी ब्लाइंडर्स’ ही टोळी टोपीच्या कडेत ब्लेड शिवत असल्याची कथाही इतिहासकार फारशी मानत नाहीत. मूळ टोळी १८९० च्या दशकातली, तेव्हा वापरून फेकायची ब्लेड सहज मिळत नव्हती.

सातारकर:
आता माझा सगळ्यात अवघड शब्द. ‘शेरवुड’, २०२२, जेम्स ग्रॅहम यांची. ती घडते आजच्या काळात, पण तिच्या मुळाशी १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप आहे. नॉटिंगहॅमशायरमधल्या बहुसंख्य कामगारांनी देशव्यापी मतदान न घेता पुकारलेला संप मानला नाही आणि ते कामावर जात राहिले. बाकीच्यांनी त्यांना ‘स्कॅब’ म्हटलं. तीसेक वर्षांनंतरही त्या गावात हा शब्द एकाच्या तोंडून निघाला की भरलेली खोली गप्प होते. शब्दकोशातला ‘संपफोड्या’ पुरेल का?

परळकर:
पुरेल. गिरणगावात वाढलेल्या माणसाला विचारा. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांनी काम बंद केलं. जो कामावर गेला त्याला ‘संपफोड्या’ म्हणत आणि त्याच्या घरच्यांनाही ते नाव पुरे. पोरांच्या खेळण्यापर्यंत ते झिरपलेलं होतं. दोन संपांमधलं अंतर दोन वर्षांचं, हरण्याची तऱ्हा वेगळी, पण नळावर न बोलणं तेच.

नागपूरकर:
तरी थोडा फरक राहतो. ‘स्कॅब’चा मूळ अर्थ खपली, त्वचेचा रोग. म्हणजे तो माणूसच रोग ठरतो. ‘संपफोड्या’ त्याने केलेलं कृत्य सांगतो. कृत्याची माफी होऊ शकते.

परळकर:
अर्थाने फरक आहे, उच्चारात नाही. कडेवर लेकरू घेऊन जिना उतरणाऱ्या बाईच्या पाठीमागे कुणी ‘संपफोड्याची’ एवढंच म्हणालं, तर तिला व्युत्पत्ती आठवत नाही. सातारकरांनी ‘खपली’च्या नादी लागू नये. मराठी वाचकाला ‘खपली’ वाचून काहीच दुखणार नाही.

नागपूरकर:
हे पटलं.

सातारकर:
मलाही. मग त्याच काळातल्या ‘बॉइज फ्रॉम द ब्लॅकस्टफ’बद्दल. १९८२, बीबीसी टू, लिव्हरपूल, लेखक ॲलन ब्लीझडेल. त्या वर्षी ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला होता. ‘ब्लॅकस्टफ’ म्हणजे डांबर, कारण ही माणसं रस्त्यांवर डांबर टाकणारी. योसर ह्यूज तीन लेकरं मागे घेऊन हिंडतो आणि जो काम करताना दिसेल त्याला म्हणतो, ‘गिझा जॉब. आय कॅन डू दॅट.’ ‘मला नोकरी द्या, मी ते करू शकतो’ असं लिहिलं तर तो अर्ज वाटतो.

लीड्सकर:
‘गिझा’ म्हणजे ‘गिव्ह अस अ’. तिथल्या बोलीत ‘अस’ म्हणजे ‘मला’. विनवणी आहे आणि अंगावर येणंही आहे.

परळकर:
सातारकर, उत्तर तुमच्याच बोलीत आहे. ‘काम दे की. मला जमतंय की ते.’ त्या ‘की’मध्ये आर्जवही आहे आणि दरडावणीही. प्रमाण मराठीत याच्या जवळ जाणारं काही मला तरी सुचत नाही.

सातारकर:
हेच घेतो. पहिलं वाक्य आता असं लिहिलंय: ‘कळकट भिंतींच्या आणि चिवट माणसांच्या उत्तर इंग्लंडाची ही एकतीस वर्षांची गोष्ट.’ ‘ऐतिहासिक’ गाळलं, सालं दिली की काळ कळतोच. ‘इंग्लंड’ हा शब्द मुद्दाम ठेवलाय, कारण नुसतं ‘उत्तरेकडचे मित्र’ लिहिलं तर मराठी वाचक थेट लखनौ-पाटण्याला पोचतो. चालेल ना?

नागपूरकर:
चालेल. फक्त ‘उत्तर इंग्लंडाची’ऐवजी ‘उत्तर इंग्लंडची’ करा, कानाला बरं लागतं.